पट्टा कशाला बांधला आहे?

माझ्या मेहुण्याने गेल्या उन्हाळ्यात एक जुनी जीप विकत घेतली. गाडी १९६८ सालची, पेट्रोलवर चालणारी, वर कापडी टप असलेली. आमच्या जिल्ह्यात एके काळी पाटबंधारे खात्यापासून साखर कारखान्यापर्यंत सगळीकडे अशाच जीपा दिसत. मेहुण्याचे शेत गावापासून नऊ किलोमीटरवर, मधे एक छोटा घाट. दोन्ही मुलांना याच गाडीने रोज शाळेत सोडायचे, असा त्याचा बेत होता.

गाडीला सीटबेल्ट नव्हते. ती बनली तेव्हा आपल्याकडे त्याची सक्तीही नव्हती. पुढच्या आसनांना पट्टे असलेच पाहिजेत हा नियम १९९४ सालच्या गाड्यांपासून लागू झाला. मेहुणा तसा सावध माणूस. त्याने बाजारातून दोन पट्टे आणले आणि एका गॅरेजमध्ये अर्ध्या तासात बसवून घेतले. मग मोठ्या हौसेने गाडी माझ्या दारात उभी करून म्हणाला, "भावोजी, ओढून बघा. हत्ती बांधला तरी तुटणार नाही!"

मी पट्टा ओढून पाहिला. खरोखरच मजबूत होता. मग मी जमिनीवर सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. पट्ट्याची टोके जिथे बोल्टने आवळली होती, तिथल्या पत्र्याला खालून स्क्रू-ड्रायव्हरने थोडे दाबले. एका ठिकाणी स्क्रू-ड्रायव्हर आरपार वर गेला.

विद्यार्थी मित्रांनो, सीटबेल्टविषयी बोलताना आपण नेहमी पट्ट्याविषयी बोलतो. पण पट्टा हा साखळीतला एकच दुवा आहे. प्रवाशाच्या शरीरावरून पट्टा, पट्ट्यावरून बोल्ट, बोल्टवरून पत्रा आणि पत्र्यावरून चासी, अशा मार्गाने बल जात असते. त्यातला सर्वांत कच्चा दुवा जेवढे बल सोसेल, तेवढीच त्या सीटबेल्टची ताकद. तेव्हा हे बल किती असते, ते आधी पाहू.

समजा, जीप ताशी ५० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर वेगाने चालली आहे आणि ती एका झाडावर आदळली. आत ६० किलोग्रॅम वस्तुमानाचा माणूस बसला आहे. त्याची गतिज ऊर्जा ½mv² या सूत्रावरून सुमारे ५,८०० ज्यूल येते. गाडी थांबली तरी जडत्वामुळे माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. त्याला थांबवायचे म्हणजे ही ५,८०० ज्यूल ऊर्जा कुठे तरी खर्ची पडली पाहिजे. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. म्हणून थांबायला जितके अंतर जास्त मिळेल, तितके बल कमी.

पट्टा नसेल तर माणूस समोरच्या पोलादी फळीवर आदळून चार-पाच सेंटिमीटरांत थांबतो. बल येते एक लाख न्यूटनच्या वर. पट्टा असेल तर तो गाडीबरोबरच थांबू लागतो. गाडीचे नाक ३० सेंटिमीटर चेपले आणि पट्टा ताणला जाऊन शरीर आणखी २० सेंटिमीटर पुढे सरकले, असे धरू. थांबण्याचे अंतर अर्धा मीटर झाले. ५,८०० भागिले ०.५ म्हणजे ११,६०० न्यूटन. बल जवळजवळ दहा पटींनी उतरले! तरीही हे ११,६०० न्यूटन म्हणजे सुमारे १,१८० किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन. म्हणजे अख्खी जीप पट्ट्याला टांगल्यासारखे झाले.

बरे, हे झाले सरासरी बल. आघाताच्या मधल्या क्षणी ते याहून पुष्कळ वाढते. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात कर्नल जॉन स्टॅप या वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन रॉकेटवर चालणाऱ्या गाड्यातून ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि अवघ्या १.४ सेकंदांत तो थांबला. यावरून सरासरी ऋण त्वरण काढलेत तर ते गुरुत्व त्वरणाच्या एकवीस पटींच्या आसपास येईल. प्रत्यक्षात नोंदला गेलेला कमाल आकडा होता ४६.२ पट. सरासरीच्या दुपटीहून जास्त! स्टॅप जिवंत राहिला, कारण पट्टे आणि त्यांचे आधार त्या कमाल बलाला पुरून उरले. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत नुसत्या कमरेच्या पट्ट्याचे आधार सुमारे २२,२०० न्यूटन बलाने ओढून तपासतात.

आता मेहुण्याच्या जीपकडे वळू. कमरेच्या पट्ट्याची दोन टोके आसनाच्या दोन बाजूंना खाली बांधलेली असतात. पट्टा जमिनीशी ४५ अंशांचा कोन करतो असे धरा. प्रत्येक टोकातील ताण T असेल, तर पुढे जाणाऱ्या शरीराला मागे धरून ठेवणारा आडवा घटक T cos ४५° एवढाच असतो. दोन टोके मिळून ११,६०० न्यूटन हवेत, म्हणून T येतो ८,२०० न्यूटन. हे फक्त सरासरी बलासाठी, हे विसरू नका.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने वापरला होता साध्या पोलादाचा ६ मिलिमीटरचा बोल्ट. आट्यांपाशी त्याचे क्षेत्रफळ भरते जेमतेम २० चौरस मिलिमीटर. असे पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४०० न्यूटनला तुटते. म्हणजे बोल्ट तुटणार ८,००० न्यूटनला. हत्ती बांधणारा पट्टा, आणि सरासरी बलालाही न पुरणारा बोल्ट! सीटबेल्टसाठी वापरला जाणारा ठरीव बोल्ट ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो. उच्च प्रतीच्या पोलादाचा असेल तर त्याच्या डोक्यावर सहा रेघा उठवलेल्या दिसतात आणि तो ७५ हजार न्यूटनच्याही वर टिकतो. फरक काही रुपयांचा.

पण खरी गंमत पत्र्यात आहे. बोल्ट कितीही चांगला असला तरी तो पत्र्यातून उपटून निघू शकतो. निघताना वायसरच्या कडेने पत्रा गोल कापला जातो, बिस्किटाच्या साच्याने कणीक कापावी तसा. म्हणजे विरोध करते ते वायसरच्या परिघावरचे धातूचे कडे. १२ मिलिमीटर व्यासाच्या वायसरचा परीघ ३८ मिलिमीटर. पत्रा दीड मिलिमीटर जाड असेल तर कापले जाणारे क्षेत्रफळ ५७ चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन धरले तर सुमारे १४,००० न्यूटन. कागदावर ठीक. परंतु पन्नास वर्षांच्या गंजाने पत्रा ०.७ मिलिमीटर उरला असेल तर हाच आकडा ६,६०० वर येतो. शिवाय बल तिरके लागत असल्याने पत्रा वाकतो, एका बाजूने फाटू लागतो आणि एकदा चीर सुरू झाली की कापड फाटल्यासारखा फाटत जातो.

उपाय सोपा आहे. पत्र्याच्या खालच्या बाजूने ७५ मिलिमीटर लांबी-रुंदीची जाड पोलादी चकती लावावी. तिची परिमिती ३०० मिलिमीटर. त्याच गंजक्या पत्र्यातून ती उपटायला आता पन्नास हजार न्यूटन लागतील. चकतीचे कोपरे आणि कडा मात्र गोल घासलेल्या हव्यात, नाही तर तीच छिन्नीसारखी पत्रा कापील. याचा अर्थ गंजक्या पत्र्यावर चकती ठोकून मोकळे व्हावे असा नव्हे. स्क्रू-ड्रायव्हर आरपार जातो तो पत्रा कापून काढून नवाच घातला पाहिजे.

हे शाळेत करून पाहता येईल. रिकाम्या डब्याच्या तोंडावर ड्रॉइंगचा कागद ताणून दोऱ्याने घट्ट बांधा. कागदाला मधोमध भोक पाडून दोरा ओवा, कागदाच्या आतल्या बाजूला तो शर्टाच्या गुंडीला बांधा आणि डबा उपडा टांगून दोऱ्याला वाळूची पिशवी लावा. कागद फाटेपर्यंत वाळू घालत जा. मग गुंडीऐवजी पुठ्ठ्याचे निरनिराळ्या आकारांचे चौकोन घेऊन परिमिती आणि वजन यांचा आलेख काढा. एकदा दोरा तिरका ओढूनही पाहा. शिक्षकांनी खाली उशी ठेवायला विसरू नये!

बोल्ट कुठे लावायचा, हा पुढचा प्रश्न. आसनालाच पट्टा बांधण्याचा मोह होतो. पण जुन्या जीपचे आसन नुसत्या बिजागऱ्यांवर उभे असते. ते उखडले तर प्रवाशाच्या वस्तुमानात आसनाचेही वस्तुमान मिळवले जाते. आणखी एक धोका या बनावटीच्या जीपमध्ये हमखास असतो: पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. तिथे टाकी न काढता ड्रिल चालवणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे काय, ते सांगायला नको. रिकामी टाकी तर अधिक वाईट, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात.

पट्ट्याचा कोनही महत्त्वाचा. आधार फार मागे गेला तर पट्टा आडवा होऊन ओटीपोटावर चढतो आणि आतड्यांना इजा करतो. तो कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. त्यासाठी जमिनीशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन बरा.

खांद्यावरून येणारा तिसरा आधार ही स्वीडनच्या नील्स बोलीन या अभियंत्याची देणगी. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणारी आसने बनवण्याचा अनुभव घेऊन तो व्होल्वो कंपनीत आला आणि १९५९ साली त्याने आजचा तीन टोकांचा पट्टा सिद्ध केला. मोटारीत हे तिसरे टोक दारामागच्या खांबावर असते. उघड्या जीपला खांबच नाही! म्हणून कित्येक जण खांद्यावरचा पट्टा मागे खाली, चाकावरच्या पत्र्याला बांधतात. हे साफ चूक. खांद्यावरून ४५ अंशांनी खाली जाणाऱ्या पट्ट्यात ५,००० न्यूटन ताण असेल, तर त्यातले ३,५०० न्यूटन सरळ खाली, पाठीच्या कण्यावर येतात. तिसरा आधार खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वरच हवा. त्यासाठी जीपला जाड पोलादी नळीची कमान बसवावी लागते, आणि तिचे पाय नुसत्या पत्र्यावर टेकवून भागत नाही. हा गाडीतला फेरफार असल्याने परिवहन कार्यालयात आधी विचारलेले बरे.

आपोआप गुंडाळणारा पट्टा घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या रिळात एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडीचा वेग एकदम घटला की जडत्वाने तो पुढे सरकतो आणि रीळ अडकते. ही युक्ती गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असल्यामुळे रीळ ठरलेल्या कोनातच बसले पाहिजे. वाकडे बसवले तर पट्टा कायमचा अडकतो किंवा भरवशाने अडकत नाही. धुळीच्या रस्त्यावरच्या उघड्या जीपला, माझ्या मते, हाताने घट्ट करायचा साधा पट्टाच बरा. आणि जुन्या बाजारातला पट्टा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. एकदा अपघातात ताणलेल्या पट्ट्याचे धागे पुन्हा तसे ताणले जाऊन ऊर्जा शोषू शकत नाहीत, आणि ते नुसते पाहून ओळखता येईलच असे नाही. उन्हातील अतिनील किरणांनीही पॉलिएस्टरचे धागे हळूहळू कमकुवत होतात.

हे सगळे मी मिस्त्रीलाही समजावून सांगितले. तो काही रागावला नाही. म्हणाला, "सर, गिऱ्हाईक पट्टा ओढून बघतं, खाली कोण वाकतंय?"

पुढे टाकी उतरवून तळाचा पत्रा बदलला, चकत्या बसल्या, बोल्ट बदलले, कमानीचे कागद कार्यालयात गेले. मागच्या आडव्या बाकांचा प्रश्न मात्र सुटला नाही. तिथे माणूस बाजूला तोंड करून बसतो. समोरून टक्कर झाली तर त्याचे शरीर बाजूला फेकले जाते आणि कमरेचा पट्टा त्याला फारसे वाचवू शकत नाही. मुलांना तिथे बसवू नकोस, असे मी मेहुण्याला स्पष्ट सांगितले. "म्हणजे आठ जणांच्या गाडीत दोनच माणसं?" तो कुरकुरला. मागे पुढे-तोंडाचे आसन आणि त्याला वेगळे आधार बसवायचे त्याने आता ठरवले आहे. तोवर मुले एस. टी.नेच शाळेत जातात.