रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या विशालकोनी भिंगांवरील फिल्टर व हूड
रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून नव्हे, तर शेजारच्या स्वतंत्र व्ह्यूफाइंडरमधून दृश्य पाहतो. त्यामुळे फिल्टर किंवा हूड यांच्या कडेने चित्राचे कोपरे काळवंडले, तरी ते फिल्म धुतल्यावरच कळते. ३५ मिमी फिल्मवर २१ मिमीचे भिंग कर्णरेषेत सुमारे ९२ अंशांचे दृश्य टिपते. अशा भिंगावर एकावर एक दोन फिल्टर चढवल्यास त्यांची कड चौकटीत येण्याचा संभव असतो. कमी जाडीचा एकच फिल्टर इष्ट. फोक्टलेंडरच्या २१ मिमी कलर-स्कोपार भिंगास ३९ मिमीचा फिल्टर बसतो. मूळ १५ मिमी सुपर वाइड-हेलियारला मात्र फिल्टरसाठी आटेच नाहीत आणि त्याचे आखूड हूड भिंगाचाच भाग आहे.

हूड बाजूचा अनावश्यक प्रकाश अडवते, परंतु मोठे हूड व्ह्यूफाइंडरचा कोपराही झाकते. म्हणून लायकाच्या अनेक हूडांना आरपार झरोके ठेवलेले असतात.

पोलरायझरचा परिणाम व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही. तो प्रथम डोळ्यासमोर धरून फिरवावा लागतो व कडेवरील खूण पाहून त्याच स्थितीत भिंगावर बसवावा लागतो. एवढे करूनही विशालकोनी चित्रात आकाश एका बाजूस गडद व दुसऱ्या बाजूस फिकट उमटते. तेव्हा निदान आकाशासाठी ही खटपट क्वचितच फलदायी ठरते.