ग्रामसंघाचा कॉम्प्युटर: डबा वेगळा की सगळं एकात?

सध्या बऱ्याच ग्रामसंघांच्या मासिक बैठकीत कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघतोय. गटाचे व्यवहार आपण लोकोस ॲपवर मोबाइलमधूनच भरतो, ते खरं. पण बँकेला द्यायचा कर्जाचा प्रस्ताव, ठरावाची प्रत, ऑडिटची कागदपत्रं, चटणी-मसाल्याच्या पाकिटावरची लेबलं, ऑनलाइन अर्ज, यांसाठी आपण तालुक्याला जातो. एका पानाचे टायपिंगचे पैसे, येण्याजाण्याचं एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. तेव्हा कॉम्प्युटर घ्यायला माझी ना नाही. प्रश्न असतो तो पुढचा: "ताई, तो नुसता टीव्हीसारखा दिसणारा, डबा नसलेला कॉम्प्युटर मिळतोय. दुकानदार म्हणतो हाच घ्या, नवीन आहे. घ्यावा का?"

आज त्यावरच बोलू.

आधी दोन्हींची ओळख. आपण शाळेत, ग्रामपंचायतीत पाहतो तो डेस्कटॉप. त्यात समोर पडदा म्हणजे मॉनिटर, बाजूला किंवा टेबलाखाली उभा डबा, कीबोर्ड, माउस आणि खाली यूपीएस. त्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. खरं तर सीपीयू ही आतली हाताच्या बोटांवर मावेल एवढी चिप आहे, पण दुकानात सीपीयू म्हटलं की डबाच दाखवतात, म्हणून मीही तसंच म्हणते. दुसरा ऑल-इन-वन. यात डब्यातलं सगळं सामान पडद्याच्या पाठीमागेच बसवलेलं असतं. कीबोर्ड आणि माउस जोडले, वायर लावली की झालं. दिसायला देखणा, टेबलावर जागा कमी, वायरींचं जंजाळ नाही. कॅमेरा, स्पीकर आणि वायफाय बहुतेक वेळा आतच असतात. डेस्कटॉपला कॅमेरा वेगळा घ्यावा लागतो आणि वायफायसाठी पुष्कळदा एक छोटा डोंगल लावावा लागतो. व्हिडिओ मीटिंगला बसायचं असेल तर हा खर्च कोटेशनमध्ये धरा, नाहीतर डेस्कटॉप उगाच स्वस्त वाटतो.

भाव मी सांगत नाही. आज सांगितला तर हा अंक तुमच्या हातात पडेपर्यंत बदललेला असेल. एवढं मात्र खरं, की सारख्याच ताकदीचा ऑल-इन-वन हा डेस्कटॉपपेक्षा बहुधा महाग पडतो.

आता "सारख्याच ताकदीचा" हे शब्द नीट ऐका. दोन्ही पाट्यांवर आय थ्री लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं दोन्ही एकच. तसं नसतं. बऱ्याच ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपची चिप घालतात, कारण पडद्यामागच्या चिंचोळ्या जागेत जास्त गरम होणारी चिप चालत नाही. चिपच्या नंबराच्या शेवटी इंग्रजी यू अक्षर असेल तर ती कमी वीज खाणारी, लॅपटॉपची चिप समजा. ती वाईट नव्हे. आपल्या टायपिंगला, हिशेबाला आणि नेटला पुरून उरते. पण तेवढ्याच नावावर जास्त पैसे मागत असतील तर विचारायला हवं. दोन्हींत रॅम ८ जीबी आणि साठवणीसाठी एसएसडी मागा, २५६ जीबीची असली तरी पुरे. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असली की कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा होतो.

विजेचं बघू, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. डेस्कटॉप मॉनिटरसकट साधारण १०० ते १५० वॅट घेतो. ऑल-इन-वन ५० ते ९० च्या आसपास. समजा रोज ५ तास, महिन्यात २५ दिवस काम केलं. १२० वॅटच्या डेस्कटॉपला महिन्याला १५ युनिट लागतील, ६० वॅटच्या ऑल-इन-वनला साडेसात. म्हणजे बिलात फरक साडेसात युनिटांचा. तेवढ्यासाठी हजारो रुपये जास्त मोजावेत असं मला वाटत नाही. फायदा आहे तो वीज गेल्यावर. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर डेस्कटॉप दहा-पंधरा मिनिटं तग धरतो, ऑल-इन-वन त्याहून बराच जास्त वेळ. पण यूपीएस काम करत बसण्यासाठी नसतोच, चालू काम सेव्ह करून नीट बंद करण्यासाठी असतो. हे दोन्हींना लागू.

ज्यांच्या कार्यालयात इन्व्हर्टर आहे त्यांनी एक करा. बऱ्याच इन्व्हर्टरला मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको लिहिलेलं. ते यूपीएसकडे ठेवा. इकोवर असेल तर लाइट जाताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात डेस्कटॉप बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि अर्धा टाइप केलेला प्रस्ताव जातो. आणि लेसर प्रिंटर कधीही यूपीएसला जोडू नका. तो गरम होताना एकदम एवढी वीज ओढतो की छोटा यूपीएस कण्हायलाच लागतो.

कमी-जास्त दाबाचं काय? डेस्कटॉपच्या डब्यात मागच्या बाजूला पंखा असलेली एक पेटी असते, तिला एसएमपीएस म्हणतात. दाब एकदम वाढला की बहुधा पहिल्यांदा तीच जाते. ती तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि अर्ध्या तासात बदलून होते. ऑल-इन-वनची बाजूही सांगते. पुष्कळ मॉडेलना लॅपटॉपसारखा बाहेर अडॅप्टर असतो, त्याची पट्टी १०० ते २४० व्होल्टची असते, आणि जळला तर बऱ्याचदा अडॅप्टरच जळतो, आतलं वाचतं. घ्यायचाच असेल तर असा बाहेर अडॅप्टर असलेला घ्या. पण दोन्हींच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, ते कॉम्प्युटरचं दुखणं नसतं, भिंतीतल्या अर्थिंगचं असतं.

आता माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, दुरुस्तीचा.

डेस्कटॉप म्हणजे वेगवेगळ्या भांड्यांची मांडणी. मॉनिटर गेला, दुसरा लावा. कीबोर्डवर चहा सांडला, नवा आणा. रॅम कमी पडली, दोन वर्षांनी आणखी एक पट्टी घाला. तारीख आणि वेळ रोज चुकायला लागली तर आत रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो बदलला की झालं. घड्याळाच्या दुकानातसुद्धा मिळतो. एवढ्याशा सेलसाठी कॉम्प्युटर "बिघडला" म्हणून कापडाखाली झाकून ठेवलेला मी पाहिला आहे.

ऑल-इन-वनमध्ये पडदा आणि मेंदू एकाच अंगात. आमच्या प्रभागातल्या एका ग्रामसंघानं असा कॉम्प्युटर घेतला होता. सतरंज्या उचलताना टेबलाला धक्का लागला, तो तोंडावर पडला आणि काच तडकली. तालुक्याचा मेकॅनिक म्हणाला, "याचा पडदा माझ्याकडे मिळायचा नाही, जिल्ह्याला कंपनीच्या सेंटरवर न्या." तिथं सांगितलं, पडदा मागवावा लागेल, आणि जो खर्च सांगितला तो नव्या कॉम्प्युटरच्या जवळपास निम्मा. वॉरंटी होती, पण वॉरंटीत पडून फुटलेलं बसत नाही. आत अठरा गटांच्या कर्जाचे तक्ते होते आणि ऑडिट तोंडावर आलेलं. लेखनिक ताई रडकुंडीला आली होती. शेवटी तिच्या भाचीनं एचडीएमआय केबलनं तो कॉम्प्युटर सरपंचांच्या घरच्या टीव्हीला जोडला. बहुतेक ऑल-इन-वनना बाहेर चित्र पाठवायची ही सोय असते. टीव्हीवर बघून फायली पेन ड्राइव्हमध्ये घेतल्या आणि ऑडिट पार पडलं. कॉम्प्युटर मात्र अजून टीव्हीवाचून चालत नाही. मॉनिटर वेगळा असता तर दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं असतं.

म्हणून ग्रामसंघाच्या पैशातून घ्यायचा असेल तर माझं मत डेस्कटॉपच्या बाजूनं आहे. तो पैसा आपल्या वर्गणीतून आणि व्याजातून जमलेला असतो. नीट जपलेला डेस्कटॉप एकेक भाग बदलत आठ-दहा वर्षं चालतो. ऑल-इन-वन मी कोणाला सांगेन? जिथं ग्रामपंचायतीनं कपाटाएवढी जागा दिली आहे, जिथं कंपनीचं सेंटर एसटीनं तासाभरात आहे, आणि घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी तीन वर्षांची लेखी मिळते आहे, तिथं. तिन्ही गोष्टी जुळत असतील तर खुशाल घ्या. घेताना पाठीवरच्या छिद्रांनी तो भिंतीला बसवता येतो का हेही विचारा. तसं असेल तर बसवाच, पडायची भीती संपली.

"मग लॅपटॉप का नको?" हाही प्रश्न येतो. बॅटरी असते, गावोगाव नेता येतो, हे मान्य. पण लॅपटॉप कार्यालयात राहत नाही हो. आधी "आज घरी काम करते" म्हणून जातो, मग मुलाच्या अभ्यासाला लागतो, आणि बाकीच्या बायकांना त्यावर हात फिरवायलाही मिळत नाही. डेस्कटॉप जड आहे, एका जागी बसतो, आणि म्हणून तो सगळ्यांचा राहतो.

दुकानात जाताना काय बघायचं ते सांगते. एकटी जाऊ नका, तिघी जा, त्यात एक तरी अशी असू द्या जिनं आधी कॉम्प्युटर वापरलेला नाही. तिच्या प्रश्नांना दुकानदार कशी उत्तरं देतो यावरून पुढे फोन केल्यावर तो कसा वागेल ते कळतं. तीन दुकानांची कोटेशन घ्या, पण तिघांना एकच यादी द्या, नाहीतर तुलना होत नाही. डेस्कटॉप दोन प्रकारचा असतो. एक कंपनीचा तयार, त्याची सगळ्याची मिळून एक वॉरंटी. दुसरा दुकानदारानं भाग जोडून दिलेला, त्याला असेंबल्ड म्हणतात. तो स्वस्त पडतो, पण त्यात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. म्हणून बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्या. नुसतं "कॉम्प्युटर सेट १ नग" असं बिल घेऊ नका. पैसे चेकनं किंवा खात्यावरून द्या, बिल जीएसटीचं घ्या, आणि त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करा.

विंडोजबद्दल स्पष्ट विचारा, ओरिजिनल आहे का? "टाकून देतो, पैसे नको" म्हणाला तर ते चोरीचं असण्याचीच शक्यता जास्त. आपण त्यावर बँकेचं काम करणार, बायकांच्या आधारच्या प्रती ठेवणार, तिथं असली फुकटेगिरी परवडत नाही. पैसे नसतील तर लिनक्स आणि लिबरऑफिस कायदेशीर रीतीनं फुकट आहे आणि त्यात मराठी छान टाइप होतं. स्वस्तात जुना, रिफर्बिश्ड घेणाऱ्यांनी आणखी एक पाहा. विंडोज १० ला कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ फार जुन्या चिपवर रीतसर चालत नाही. इंटेलची चिप असेल तर आठव्या पिढीच्या अलीकडची नको.

थांबा, उलटं म्हटलं जाईल, नीट सांगते: आठवी पिढी किंवा तिच्यानंतरची हवी. चौथ्या, सहाव्या पिढीचा कितीही चकचकीत पुसून ठेवला असला तरी नको.

घरी आणल्यावर डब्याचा आणि आतल्या भागांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्तीला द्यायच्या आधी आणि परत आल्यावर रॅम किती दाखवते ते तपासा. 'धिस पीसी'वर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडलं की दिसतं. ८ ची ४ झाली असेल तर तिथंच विचारता येतं. महिन्याच्या बैठकीच्या दिवशी सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरच्या खोलीत न ठेवता दुसरीकडे, कोषाध्यक्ष ताईंच्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात सीपीयू जमिनीवर नको, दोन विटा तरी खाली असू द्या. मागची भोकं उघडी असतील तर उंदीर आधी तिथं जातो.

तुमच्याकडे कोटेशन आली असतील तर ती घेऊन प्रभागसंघाच्या बैठकीला या, आपण शेजारी शेजारी ठेवून वाचू. प्रिंटर कोणता घ्यायचा, शाईच्या टाकीचा की लेसरचा, ते पुढच्या भागात.