मनगटावरचा वेगळा साक्षीदार

काळाची मोजदाद : लेखांक ९

मागच्या लेखात आपण ‘कोणाची वेळ खरी?’ हा प्रश्न कर्जतच्या फलाटावर उभे राहून पाहिला. १८७० पासून जीआयपी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावू लागली आणि फलाटावरचे घड्याळ गावातल्या सूर्याच्या सुमारे २८ मिनिटे पुढे गेले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी सूर्याने आपला शिरस्ता सोडला नाही. आजही कर्जतला तो माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून ३७ मिनिटे झालेली असतात. पण त्या सगळ्या वादात एक गोष्ट आपण गृहीत धरली होती, ती म्हणजे घड्याळ चालू आहे. वेळ मद्रासची असो की मुंबईची, ती सांगणारे साधनच ऐनवेळी थांबले तर काय करायचे? या प्रश्नाचा सगळ्यात कसोशीने विचार झाला तो १९६० च्या दशकात, माणूस अवकाशात जाऊ लागला तेव्हा. त्या विचाराचे फळ अंतराळवीरांच्या मनगटावर पट्ट्याने बांधलेले होते.

तिकडे जाण्याआधी आपल्या घाटाकडे एकदा बघू, कारण त्या विचारामागचे तत्त्व इथे दीडशे वर्षांपूर्वीच रुळांमध्ये उतरले आहे. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, मागून बँकर इंजिने येऊन लागतात, डब्यांना हिसका बसतो आणि खिडकीतून वडा घेणारा हात क्षणभर डगमगतो. बोरघाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट इतका उभा आहे. बँकर गाडीला वर रेटतात हे खरे. शिवाय मध्येच जोडणी तुटली तर मागचे डबे दरीकडे घरंगळू नयेत म्हणूनही ते पाठीशी लागतात. उतारावरची तजवीज त्याहून बोलकी आहे. तिथे कॅच सायडिंग असते, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून डोंगराच्या अंगाने वर चढणारा आंधळा रूळ. सांधा एरवी त्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबते, ती ताब्यात आहे याची खात्री होते, तेव्हाच तिला मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी मात्र थेट त्या चढावर जाते आणि तिच्या वजनानेच तिचा वेग मरतो. या व्यवस्थेचे मर्म असे की ती गाडीच्या ब्रेकवर काडीचीही अवलंबून नाही. ज्याच्याविषयी शंका आहे, त्याच्याच भरवशावर उभी केलेली सुरक्षा म्हणजे सुरक्षेचा नुसता देखावा.

अंतराळवीराच्या घड्याळाचे मोल नेमके इथे आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते घड्याळ जगातले सगळ्यात अचूक नव्हते आणि ते अभेद्यही नव्हते. त्याची थोरवी एवढीच की यानात जे काही बिघडू शकत होते त्याच्याशी त्याचा कसलाही संबंध नव्हता. त्याला वायर नव्हती, बॅटरी नव्हती, संगणक नव्हता. सकाळी चावी दिली की आतली स्प्रिंग दुसऱ्या दिवसापर्यंत काटे फिरवत राही. यानातली वीज गेली तर यानातली घड्याळे जातील, पण मनगटावरच्याला त्याचा पत्ताही लागणार नाही.

सुरुवातीला हे कोणी फार ठरवून केले नव्हते. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांचे उड्डाण करून आला, तेव्हा त्याच्या हातात सोव्हिएत वैमानिकांना मिळणारे ‘श्तुरमान्स्किये’ घड्याळ होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत जॉन ग्लेनने मनगटावर होयर कंपनीचे स्टॉपवॉच बांधले. मे महिन्यात स्कॉट कार्पेंटरने ब्राइटलिंगचे २४ तासांची तबकडी असलेले घड्याळ नेले. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पृथ्वीभोवती एक फेरी दीड तासात होत असेल तर दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो. मग काटा सातावर असताना ते सकाळचे सात की संध्याकाळचे, हे खिडकीबाहेर पाहून कसे कळणार? त्याच वर्षी ऑक्टोबरात वॉल्टर शिराने स्वतःचे ओमेगा स्पीडमास्टर नेले. म्हणजे तोवर घड्याळ ही ज्याची त्याची निवड होती. मग दोन माणसांची जेमिनी याने, यानाबाहेर चालणे आणि चंद्राची तयारी असे पल्ले दिसू लागले आणि निवड आवडीवर सोडणे परवडेना. १९६४ च्या सप्टेंबरात नासातले अंतराळवीरांचे प्रमुख डीक स्लेटन यांनी लेखी मागणी केली आणि जेम्स रेगन या अभियंत्याकडे घड्याळे तपासण्याचे काम आले.

ती तपासणी म्हणजे घड्याळांचे हालच होते. तीन कंपन्यांच्या घड्याळांसाठी ११ चाचण्या ठरवल्या होत्या. ४८ तास ७१ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत आणि लगेच अर्धा तास ९३ अंशांत. चार तास उणे १८ अंशांत. जवळजवळ निर्वातात पुन्हा पुन्हा तापवणे आणि गोठवणे. दहा दिवस ९५ टक्के दमट हवेत. शुद्ध प्राणवायूत दोन दिवस. सहा दिशांनी गुरुत्वाच्या ४० पट जोराचे धक्के, मग कंपने, मग १३० डेसिबलचा गोंगाट. रोलेक्स दमट हवेत दोनदा बंद पडले आणि उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकून अडकला. लाँजिनची काच उष्णतेने वाकडी होऊन निघाली. स्पीडमास्टर टिकले आणि १ मार्च १९६५ रोजी त्याला मान्यता मिळाली. त्याच महिन्यात जेमिनी ३ मधून ते अधिकृतपणे वर गेले. ३ जूनला एड व्हाइट यानाबाहेर तरंगला तेव्हा पोशाखाच्या बाहीवर लांब वेल्क्रोच्या पट्ट्याने तेच बांधलेले होते.

इथे पहिला आक्षेप येतो : हा सगळा घड्याळ कंपन्यांच्या जाहिरातीचा मसाला नाही का? जाहिरात झाली, भरपूर झाली, आणि आजही होते. पण चाचणीच्या नोंदीत जे लिहिले आहे ते कोणतीही कंपनी जाहिरातीत छापणार नाही. उत्तीर्ण झालेले हे घड्याळ हवेचा दाब काढून घेतल्यावर २१ मिनिटे पुढे गेले होते, वेगवाढीच्या चाचणीत १५ मिनिटे मागे पडले होते आणि तबकडीवरचा अंधारात चमकणारा रंगही गेला होता. नासाला सुंदर वस्तू नको होती. एवढे सोसूनही शेवटी नीट चालणारी वस्तू हवी होती. मग दुसरा आक्षेप आपोआप उभा राहतो आणि तो अधिक वजनदार आहे. २१ मिनिटे चुकणारे घड्याळ विश्वासाचे कसे? याचे उत्तर वेळ सांगणे आणि अवधी मोजणे या दोन कामांतल्या फरकात आहे. किती वाजले हे जमिनीवरून रेडिओने विचारता येते आणि काटे पुन्हा लावता येतात. पण इंजिन अमुक सेकंद चालवायचे असेल, तर बटण दाबताच धावू लागणारा आणि पुन्हा दाबताच थांबणारा काटा लागतो. मिनिटांचा हिशेब चुकवणारा अत्याचार दिवसभर सोसलेले यंत्रही, तो संपल्यावर चौदा सेकंद बरोबर मोजू शकते. बंद पडलेले यंत्र मात्र एक सेकंदही मोजू शकत नाही.

चौदा हा आकडा सहज घेतलेला नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यानातली प्राणवायूची टाकी चंद्राच्या वाटेवर फुटली. मुख्य यान बंद करून तिघे अंतराळवीर चंद्रावर उतरण्यासाठी बनवलेल्या लहान यानात गेले. वीज इतकी तुटपुंजी की दिशा राखणारी यंत्रणा आणि संगणकही बंद ठेवावे लागले. परतीच्या वाटेवर यानाचा मार्ग हळूहळू सरकू लागला आणि पृथ्वीच्या वातावरणात शिरण्याची अरुंद फट चुकण्याची भीती निर्माण झाली. उपाय होता इंजिन १४ सेकंद चालवण्याचा. लॉव्हेल आणि हेझ यांनी खिडकीतून पृथ्वीवरची दिवस-रात्रीची सीमारेषा निशाण्यात धरून यान हातांनी सांभाळले. जॅक स्विगर्टने आपल्या मनगटावरच्या घड्याळावर सेकंद मोजले. याआधी जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ च्या वेळी, ईगल यानातले वेळमापक थांबले होते. तेव्हा आर्मस्ट्राँगने आपले मनगटी घड्याळ यानातच ठेवले आणि चंद्राच्या जमिनीवर ऑल्ड्रिनच्या हातातले घड्याळ गेले.

यावर तिसरा आक्षेप असा की जमिनीवर ह्यूस्टनला शेकडो माणसे आणि उत्तमोत्तम घड्याळे होती. त्यांनी रेडिओवरून ‘सुरू’ आणि ‘बंद’ म्हटले असते तरी भागले असते. जमिनीवरच्या मदतीवाचून ते तिघे परतलेच नसते, हे निःसंशय. पण अंतराचा हिशेब करून पाहा. त्या वेळी यान पृथ्वीपासून सुमारे पावणेतीन लाख किलोमीटरवर होते. रेडिओ लहर सेकंदाला जवळपास तीन लाख किलोमीटर जाते. म्हणजे हाक पोचायला जवळजवळ एक सेकंद, आणि तिचे उत्तर परत यायला आणखी एक. चौदा सेकंदांत एक सेकंद म्हणजे सात टक्क्यांची चूक. हा विलंब आधीच हिशेबात धरता येतो, पण मग रेडिओ नेमक्या त्या क्षणी खरखरणार नाही यावर तीन जीव सोपवावे लागतात. मनगटावरच्या काट्याला ना विलंब, ना खरखर.

चौथा आक्षेप खुद्द घटनांनीच घेतला आहे. १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉटच्या लक्षात आले की चंद्रावरच्या दुसऱ्या फेरफटक्यानंतर त्याच्या मान्यताप्राप्त घड्याळाची काच गायब आहे. अकरा चाचण्या उत्तीर्ण झालेल्या जातीचे घड्याळ चंद्राने नापास केले. मग चाचण्यांचा उपयोग काय? उपयोग असा की चाचणी अपयशाची शक्यता कमी करते. ती शून्य करते असे कोणी शहाणा अभियंता म्हणत नाही. आणि शून्य होत नाही म्हणूनच दुसरे साधन लागते. स्कॉटकडे ते होते : स्वतःचे बुलोव्हा घड्याळ, वेगळ्या कंपनीने वेगळ्या रचनेने बनवलेले. तिसऱ्या फेरफटक्याला त्याने ते बांधले. २०१५ मध्ये लिलावात त्याला १६ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. लोकांनी ती चंद्रस्पर्शासाठी मोजली. अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर त्यात मोलाची गोष्ट ‘वेगळेपण’ ही होती.

वेगळेपण नसले की काय होते, याचा धडा आपल्याच देशाने घेतला आहे. १ जुलै २०१३ रोजी इस्रोने आपल्या दिशादर्शक मालिकेतला पहिला उपग्रह, आयआरएनएसएस-१ए, सोडला. अशा उपग्रहाचा प्राण म्हणजे अणुघड्याळ, कारण जमिनीवरची जागा तो वेळेच्या सूक्ष्म फरकावरूनच सांगतो. म्हणून त्यात एक नव्हे, तीन रुबिडियम घड्याळे होती : एक कामाला, दोन राखीव. तिन्ही परदेशातून आणलेली आणि एकाच जातीची. उपग्रह पूर्ण आयुष्य जगण्याआधीच तिन्ही निकामी झाली. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांतही त्याच सुमारास अनेक अणुघड्याळे बंद पडल्याचे जाहीर झाले. तीन राखणदार ठेवले, पण तिघांना एकच आजार होऊ शकत असेल तर मोजायला तीन आणि भरवशाला एकच. पुढे २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात प्रथमच देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ बसवले गेले. त्याकडे स्वदेशीचा अभिमान म्हणून पाहावे, आणि घड्याळांचे कूळ बदलण्याची संधी म्हणूनही पाहावे.

हे तत्त्व जमिनीवर आणले की ते आपल्या रोजच्या वाटेवर भेटते. खालापूरकडे उतरणारा जाणता ट्रकचालक घाटात खालच्या गिअरमध्ये राहतो आणि गाडीचा भार इंजिनावर पेलतो, कारण सतत दाबलेला ब्रेक तापून ढिला पडला तर उरलेला आधार ब्रेकच्या जातीचा असून चालत नाही. आणि पावसाळ्यात पेठच्या किल्ल्यावर, ढाकला किंवा राजमाचीला निघणाऱ्यांच्या खिशात काय असते ते पाहा. घड्याळ, नकाशा, विजेरी आणि हाक मारण्याचे साधन अशा चारही गोष्टी एकाच फोनमध्ये आहेत. पाणी शिरले की चारही एकदम जातात, आणि ओल्या फोनला सोबतची पॉवर बँकही वाचवू शकत नाही. धुके उतरल्यावर दिवस मावळायला किती अवकाश आहे हे सांगणारे साधे मनगटी घड्याळ, सुट्टी विजेरी आणि वाडीतला वाटाड्या, ज्याच्या डोक्यातली वाट कशानेच भिजत नाही, हे त्या चढणीवरचे खरे राखीव साधन. राखीव किती आहेत हे मोजण्याआधी एकेकाला एवढेच विचारावे : पहिले ज्या कारणाने बंद पडेल, त्याच कारणाने तूही बंद पडशील का? उत्तर ‘हो’ आले तर ते ओझे खाली ठेवायला हरकत नाही.

पुढच्या लेखात : चावीची जागा घेणारा क्वार्ट्झचा स्फटिक, आणि त्याने घरोघरी वेळ स्वस्त कशी केली.