शेततळ्यातील शेवाळ आणि त्याची संगणकीय ओळख

तीर्थपुरीच्या परिसरात काय किंवा मराठवाड्यात अन्यत्र काय, शेततळ्यावर साचणाऱ्या हिरव्या थरास ‘शेवाळ’ हा एकच शब्द पुरतो. यात बोलीचे काही उणे नाही. भाषा गरजेपुरतेच भेद करते. परंतु ते पाणी जनावरांस पाजावे की नाही, असा प्रश्न उद्भवला म्हणजे हा शब्द अपुरा पडतो. हातात घेतली असता सुताप्रमाणे लोंबणारी स्पायरोगायरा निरुपद्रवी होय. उलट, पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी पसरणारी मायक्रोसिस्टिस यकृतास घातक असे विष निर्माण करू शकते.

हा भेद करण्यासाठी अभ्यासकांचा आधार दीर्घकाळ मुद्रित ग्रंथांचाच होता. नीलहरित शैवलांवरील देशिकाचारी यांचा ‘सायनोफायटा’ हा ग्रंथ 1959 साली निघाला, एन. डी. कामत यांनी 1974 साली मराठवाड्यातील शैवलांची नोंद प्रसिद्ध केली. ग्रंथातील किल्ली ठरावीक क्रमानेच प्रश्न विचारते. एका प्रश्नाचे उत्तर नमुन्यात न दिसल्यास वाट तेथेच खुंटते. संगणकीय किल्लीत जे लक्षण दिसेल तेथून आरंभ करता येतो, हा तिचा खरा लाभ.

छायाचित्रावरून नाव सुचविणारी साधने याहून सोपी वाटतात. पण छायाचित्रात जे उमटलेच नाही ते यंत्रास कोठून दिसावे? करंडक वनस्पतींच्या कवचावरील सूक्ष्म रेषा आम्लाने कवच स्वच्छ करून सुमारे हजारपट मोठे केल्यावाचून नीट वाचता येत नाहीत. तळ्याच्या काठावरून मोबाईलने टिपलेले चित्र तेथे निरुपयोगी ठरते.

नावांचीही एक अडचण आहे. पाण्यात तरंगणाऱ्या, वायुकोश असलेल्या अॅनाबीनाच्या जाती 2009 साली डोलिकोस्पर्मम या वेगळ्या प्रजातीत गेल्या. जुन्या यादीतील नाव आज कोणत्या नावाखाली शोधावे, हे आयर्लंडमध्ये 1996 साली सुरू झालेल्या ‘अल्गीबेस’ या संग्रहात पाहता येते. भाषेच्या कोशकारास हे काम परके वाटू नये.

तथापि नाव अचूक ठरले तरी मूळ प्रश्न सुटतोच असे नाही. मायक्रोसिस्टिसच्या एकाच जातीत विषारी व बिनविषारी असे दोन्ही वाण असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात. त्यासाठी विषाची रासायनिक परीक्षा किंवा विषनिर्मितीच्या जनुकांचा शोध घ्यावा लागतो. तो निर्णय हाती येईपर्यंत जनावरांना त्या तळ्यापासून दूर ठेवावे लागते.