फेरारीचे मोल

बल्लारपूरच्या लाकूड आगारात सागवानाचा लिलाव असतो तेव्हा जाणता व्यापारी बोली लावण्यापूर्वी लठ्ठ्याच्या कापलेल्या तोंडाशी बसतो, वर्तुळे निरखतो, पोकळी आहे का ते चाचपतो, गोलाई आणि लांबी यादीशी ताडून पाहतो, आणि घणाचा ठसा स्पष्ट उमटला असल्याची खात्री झाल्यावाचून तेथून हलत नाही. कारण ठसा आणि वाहतूक परवाना यांची फारकत झाली, की आलापल्लीच्या रानातला उत्तमातला उत्तम सागही संशयित माल ठरतो. चांदा-गडचिरोलीच्या मुलखातील हा व्यवहार ज्याने पाहिला आहे, त्याला दुर्मिळ इटालियन मोटारींच्या लिलावातील कोट्यवधी डॉलरांच्या बोलींचे मर्म समजून घेण्यास फारसे सायास पडू नयेत. तेथेही मोल द्यावे लागते ते धातूचे नव्हे, तर दाखल्यानिशी सिद्ध झालेल्या पूर्वेतिहासाचे.

या बाजाराचा मेरुमणी म्हणजे फेरारी कंपनीची 250 जीटीओ. एन्झो फेरारी यांनी मोडेना शहराजवळील मारानेल्लो येथे उभारलेल्या कारखान्यातून 1947 मध्ये पहिली फेरारी बाहेर पडली, आणि 1962 ते 1964 या अल्प काळात तीन लिटरच्या, बारा सिलिंडरांच्या इंजिनाच्या केवळ 36 जीटीओ तेथे तयार झाल्या. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे शंभर गाड्यांची अपेक्षा होती, ती कधीच पुरी झाली नाही. आणि त्या काळचा तो उणेपणाच पुढे तिच्या दुर्मिळतेचे आदिकारण झाला. आत डोकावले तर ऐश्वर्याची एकही खूण आढळत नाही. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा, उघड्या धातूच्या खाचांतून सरकणारा गिअरचा दांडा, समोर इंजिनाचे फेरे दाखविणारी मोठी तबकडी, आणि वेगमापक मुळीच नाही; शर्यतीत धावणाऱ्यास वेगाचा आकडा वाचण्याचे प्रयोजन ते काय? नवी असताना अमेरिकेत सुमारे 18,000 डॉलरांना मिळणारी ही गाडी. ऑगस्ट 2018 मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे चेसिस क्रमांक 3413 ची जीटीओ 4 कोटी 84 लक्ष डॉलरांना विकली गेली. ती घडविलेल्या जीटीओंपैकी तिसरी. शर्यतपटू फिल हिल याने टार्गा फ्लोरिओ शर्यतीच्या सरावात ती हाकलेली. आणि मूळचे इंजिन, मूळचा गिअरबॉक्स व मागचा आस अद्याप तिच्याच अंगावर. किमतीचा फार मोठा वाटा या शेवटच्या बाबीचा. चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या दप्तराशी जुळले, मधल्या प्रत्येक मालकाचे नाव लागले, प्रत्येक शर्यतीची नोंद सापडली, तरच ही बोली इतकी उंच जाते. तेच यंत्र उद्या कोणी हुबेहूब घडविले, तर त्याला त्या भावाचा शतांशही मिळण्याची शाश्वती नाही.

मात्र यास निर्धोक गुंतवणूक म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. ऑगस्ट 1988 मध्ये एन्झो फेरारी निवर्तले, आणि आधीच तापलेला बाजार जपानी पैशाच्या बळावर असा उसळला की 1989 मध्ये एका जीटीओसाठी एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मोजण्यात आली. पुढे चार-पाच वर्षांतच भाव तीस-पस्तीस लक्षांच्या घरात उतरले. या मालमत्तेला ना भाडे, ना व्याज, ना लाभांश. उलट विमा, निवारा आणि कुशल कारागिराची मजुरी हा खर्च अखंड, आणि गाडी नुसती उभी ठेवली तर रबरी जोड सुकतात, टाकीतले पेट्रोल नासते. जो ती चालवीत नाही तो आपले भांडवल आपल्या हातांनी झिजवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या मराठी माणसाशी जडलेली फेरारी मात्र निराळ्या कोटीची आहे, आणि मला तिच्याविषयी अधिक जिव्हाळा वाटतो. सचिन तेंडुलकरने एप्रिल 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी केली, त्याप्रीत्यर्थ त्या वेळी फेरारीची मालक असलेल्या फियाट कंपनीने त्यास 360 मोडेना ही गाडी नजर केली. सिल्व्हरस्टोन येथे ती त्याच्या स्वाधीन करणारे हात शर्यतपटू मायकेल शूमाकरचे होते. पुढे सुमारे 1 कोटी 13 लक्ष रुपयांच्या सीमाशुल्काच्या माफीवरून 2003 मध्ये देशभर वादंग माजले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेर तो भरणा फियाटनेच केला. 2011 मध्ये गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली.

360 मोडेना काही दुर्मिळ नव्हे. मध्यभागी इंजिन असलेली ही 3.6 लिटरची, आठ सिलिंडरांची गाडी कारखान्याने हजारोंच्या संख्येने काढली. तेव्हा या एका गाडीचे जे वेगळे मोल आहे ते ब्रॅडमनच्या आकड्याचे, शूमाकरच्या हस्तस्पर्शाचे आणि सीमाशुल्काच्या त्या फाइलीचेसुद्धा. पाश्चात्त्य लिलावगृहांत अशा कागदांची चळत गाडीच्या शेजारी मांडून ठेवतात, आणि ग्राहक गाडीआधी ती चाळतो. महाराष्ट्रातील एखाद्या सार्वजनिक संग्रहालयाने हे यंत्र व त्याचे सर्व दस्तऐवज वेळीच मागून घ्यावयास हवे होते, ही खंत मी लपवू इच्छित नाही.

आपल्या देशात या छंदाला कायद्याचीही वेस आहे. जुनी गाडी परदेशातून आणावयाची तर ती तीन वर्षांहून अधिक वयाची नसावी व उजव्या बाजूने चालविण्याची असावी, असा दंडक आहे. बराच काळ या वयाच्या अटीतून सूट होती ती 1950 पूर्वीच्या गाड्यांना, आणि फेरारीचा जन्मच 1947 चा असल्याने त्या सवलतीत तिच्या अगदी थोड्याच गाड्या बसू शकत. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. त्यासाठी 20,000 रुपये शुल्क, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी आणि नित्याच्या वापरास मनाई. त्या हिशेबाने तेंडुलकरची फेरारी 2050 नंतरच या वर्गात येईल. तोवर दप्तराच्या लेखी ती निव्वळ एक जुनी पेट्रोल गाडी आहे, आणि तिचे भेटपत्र, शुल्काचा हुकूम, नोंदणीपुस्तक व दुरुस्तीच्या पावत्या एकत्र राखण्याची जबाबदारी त्या त्या वेळच्या मालकाची.