लघुउद्योगाचा जमाखर्च – लेखांक ५ : उधारीवरील कर

मागील लेखांकात मोहतर्फा (कारागिरांवरील जुना व्यवसायकर) आणि जकात यांचा विचार करताना आपण पाहिले की, कारागिराला कराच्या दराइतकीच त्याच्या वसुलीची रीतही जाचत असे. मुंबईबाहेरच्या शहरांत जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू झाला, आणि नाक्यावर मालमोटारी खोळंबण्याचे दिवस संपले. हा लाभ मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. वसुलीच्या रीतीचा प्रश्न मात्र त्याने मिटला नाही.

मालावरील वस्तू व सेवा कराचे देणे सामान्यतः बिल फाडले की उभे राहते. त्या बिलाचे पैसे हाती पडले की नाही, याची विचारपूस कायदा करीत नाही. भोसरीतील किंवा शिरोलीतील एखादा छोटा कारखानदार घ्या, जो दरमहा ५ लाख रुपयांचे सुटे भाग एका मोठ्या कंपनीला पुरवितो. १८ टक्क्यांप्रमाणे बिलावर ९०,००० रुपये कर लागतो. ३ लाखांचे लोखंड व हत्यारे घेताना त्याने ५४,००० रुपये कर आधीच मोजलेला असतो, आणि त्याची वजावट घेऊन उरलेले ३६,००० रुपये त्याला पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत सरकारजमा करावे लागतात. त्रैमासिक विवरणाची सवलत घेतलेल्यांनाही भरणा दरमहाच करावा लागतो, मुदत फार तर पाच दिवसांनी लांबते इतकेच. आता कंपनी नव्वद दिवसांनी पैसे देते, असे समजू. एप्रिलअखेरच्या बिलाची रक्कम जुलैअखेर येईल; तोपर्यंत मे, जून आणि जुलै असे तीन भरणे होऊन गेलेले असतील, आणि लोखंडवाल्याला बिलासोबत मोजलेला कर धरला तर २,७०,००० रुपये त्याच्या गाठीचे, किंवा बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिटचे, गुंतून पडलेले असतील. भरणा चुकला तर वार्षिक १८ टक्के व्याज आहेच.

याच अवधीत खरेदीदार कंपनी त्या ९०,००० रुपयांची वजावट मे महिन्यातच पदरात पाडून घेते. पुरवठादाराचे पैसे १८० दिवसांत चुकते केले म्हणजे तिची वजावट अबाधित राहते. ज्याच्यापाशी भांडवल कमी त्याला जेमतेम वीस दिवस, आणि ज्याच्यापाशी ते विपुल त्याला सहा महिने, अशी ही व्यवस्था आहे. याला अन्यायाखेरीज दुसरे नाव देणे मला शक्य नाही. त्यातही पुरवठादाराचे विवरण दप्तरी उमटेपर्यंत बिलातील कराची रक्कम रोखून धरणारे खरेदीदार आहेत, म्हणजे छोट्याने कर आधी भरावा आणि नंतरच तो मागावा, असा रिवाज पडत चालला आहे.

यावर उपाय म्हणून २००६ च्या लघुउद्योगविषयक कायद्याकडे बोट दाखविले जाते. पंचेचाळीस दिवसांपलीकडे पैसे थकविल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि तक्रारीसाठी सुविधा परिषद, असे त्याचे स्वरूप आहे; करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून आयकर कायद्यानेही अशा थकलेल्या रकमेची वजावट प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत नाकारली. हेतू उत्तमच आहे. परंतु ज्या एका गिऱ्हाइकावर कारखान्याची तीन-चार यंत्रे चालतात त्याच्याविरुद्ध अर्ज करणे म्हणजे पुढच्या महिन्याची ऑर्डर स्वहस्ते नाकारणे होय, हे पुरवठादार जाणतो, म्हणून तो तगादा लावतो आणि व्याज सोडून देतो.

उपाय वसुलीच्या रीतीतच शोधला पाहिजे. जुन्या सेवाकरात २०१२ पासून लहान व्यावसायिकांना वर्षाच्या पहिल्या ५० लाख रुपयांपर्यंत पैसे हाती आल्यावर कर भरण्याची मुभा होती. ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित करासाठी तशीच सवलत साडेतेरा लाख पौंडांपर्यंतच्या करपात्र उलाढालीला आजही आहे. आपल्याकडे तसे केल्यास महसूल बुडेल, ही शंका टिकत नाही, कारण खरेदीदाराची वजावटही त्याने पैसे दिल्यानंतरच मान्य करावी, एवढी एकच अट घातली की सरकारी खजिन्यातून पुरवठादाराच्या भरण्याआधी एक पैही बाहेर जात नाही. उलट, बिल लवकर चुकते करण्यात मोठ्या कंपनीचा स्वतःचा स्वार्थ गुंततो.