घरगुती ध्वनिमिश्रणातील अस्पष्टता

घरच्या खोलीत मुद्रित केलेले ख्यालगायन ऐकताना बंदिशीचे शब्द उमगत नाहीत, अशी तक्रार पुष्कळदा कानी येते व तिचा दोष बहुधा मायक्रोफोनवर लादला जातो. वस्तुतः या दोषाचे मूळ बव्हंशी श्रवणेंद्रियाच्या एका धर्मात आहे. दोन ध्वनी कंपनसंख्येने निकट असले म्हणजे प्रबळ ध्वनी दुर्बळास झाकून टाकतो. यास आपण आच्छादन म्हणू. ५०० हर्ट्झच्या खाली सुमारे १०० हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात हा परिणाम विशेष तीव्र असतो. शिवाय खालचा ध्वनी वरच्यास जितका झाकतो तितका वरचा खालच्यास झाकीत नाही, हे आल्फ्रेड मेयर यांनी १८७६ मध्येच नमूद केले होते.

आपल्या संगीतात ही अडचण सुरेलपणामुळेच वाढते. गायकाचा षड्ज काळी एकचा, म्हणजे सुमारे १३९ हर्ट्झचा धरला, तर तंबोऱ्याची जोड तेथेच लागते व खर्ज ६९ हर्ट्झवर येतो. संवादिनी त्याच षड्जाची. तबलाही षड्जातच मिळविलेला. तबल्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत असतात, हे रामन व कुमार यांनी १९२० मध्ये दाखविले. परिणामी २७७, ४१६ अशा त्याच त्या स्थानी सर्वांचे उपस्वर एकमेकांवर रचले जातात. त्यात जवारीमुळे तंबोऱ्याचे वरचे उपस्वरही बलवान होतात आणि २००० ते ४००० हर्ट्झमधील व्यंजनांच्या प्रदेशात शिरतात. शब्द हरवतात ते येथे.

अशा वेळी गायकाचा आवाज वाढविणे हा नवशिक्याचा स्वाभाविक, परंतु निष्फळ उपाय होय. कारण मग संवादिनी दबलेली वाटते, तीही वाढविली जाते आणि गोंधळ तेवढाच राहतो. त्यापेक्षा संवादिनीचा व तंबोऱ्याचा तो पट्टा ईक्वलायझरने दोन-तीन डेसिबेलने उतरवावा, आणि दोन तंबोरे असल्यास ते डाव्या-उजव्या बाजूंस विभागावेत. एकेक वाद्य सुटे ऐकून केलेली दुरुस्ती मात्र फसवी ठरते. आच्छादन एकत्र ऐकतानाच प्रकट होते.

खोलीही साक्ष खोटी देते. समोरासमोरच्या दोन भिंतींत अडीच मीटर अंतर असेल, तर त्यांच्यामधील पहिला अनुनाद सुमारे ६९ हर्ट्झवर, म्हणजे नेमका वरील खर्जावर येतो. त्या अंतराच्या मध्यावर बसणाऱ्यास तो क्षीण व भिंतीपाशी फुगलेला ऐकू येतो. मध्यावर बसून ज्याने खर्ज आणि डग्गा वाढविला, त्याचे मिश्रण इतरत्र घुमणारच. म्हणून परिचित ध्वनिमुद्रिका त्याच जागी ऐकून कानास त्या खोलीची ओळख करून द्यावी.

श्रवणाची पातळीही स्थिर हवी. आवाज मंद केला की खालच्या स्वरांबद्दल कानाची संवेदना अधिक घटते, हे फ्लेचर व मन्सन यांच्या १९३३ मधील मापनांवरून सिद्ध आहे. त्यामुळे किंचित मोठी प्रत नेहमीच अधिक भरदार भासते. दोन प्रतींची तुलना करण्यापूर्वी त्यांची पातळी समान करून घ्यावी. गुरूची तालीम मुद्रित केलेली असेल, तर प्रत्येक मायक्रोफोनचे मूळ मुद्रण स्वतंत्र जपावे. एकदा मिसळलेल्या ध्वनीतून झाकलेले व्यंजन मूळच्या स्पष्टतेने पुन्हा हाती लागणे दुर्घट असते.